विसरभोळे उंदीर आणि निळा उजेड

लॅबमध्ये निष्कर्ष साठत नाहीत, किस्से मात्र ढिगानं साठतात. निष्कर्षाला पुरावा लागतो, तोच प्रयोग पुन्हा करून तेच उत्तर यावं लागतं. किश्शाचं तसं नाही, तो एकदा घडला तरी पुरतो. भिलाईतली आमची लॅब चालू होती तोवर फ्रीजमध्ये नमुने कमी आणि चहाच्या टपरीवर सांगायला गोष्टी जास्त, अशीच परिस्थिती होती. कोणी नवीन भेटलं की माझा लॅबमधला जोडीदार हर्षल म्हणतो, "ताई, वो कुरियरवाला सुना ना इनको," आणि मी सुरू होते. लोक पोट धरून हसतात. मग कोणीतरी विचारतं, "पण शेवटी निघालं काय?" तेव्हा आम्ही दोघं रिकामे ग्लास ठेवायला उठतो.

नमनाला थोडं तेल जाळते, म्हणजे पुढचं समजेल. मेंदू म्हटलं की सगळे न्यूरॉनचं नाव घेतात. पण मेंदूत दुसऱ्याही पेशी असतात, विचार न करणाऱ्या. त्यांतल्या चांदणीसारख्या दिसणाऱ्या पेशींना ॲस्ट्रोसाइट म्हणतात, आम्ही नुसतं 'ॲस्ट्रो' म्हणायचो. न्यूरॉनला खाऊ-पिऊ घालायचं, कचरा उचलायचा, ही त्यांची कामं. या ॲस्ट्रो जाग्या केल्या तर विसरायला लागलेल्या म्हाताऱ्या उंदरांना पुन्हा आठवेल का, एवढाच आमचा प्रश्न होता.

जागं करायचे दोन रस्ते. एक उजेडाचा: निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवून एक प्रोटीन या पेशींत पोचवायचं, म्हणजे त्यांना उजेड कळायला लागतो, मग केसाएवढ्या बारीक काचेच्या तारेतून लेसरचा निळा उजेड थेट मेंदूत सोडायचा. दुसरा औषधाचा: पेशीवर एक खास कुलूप बसवायचं, जे शरीरातल्या कुठल्याच किल्लीनं उघडत नाही, आणि त्याची एकुलती एक किल्ली म्हणजे मुद्दाम घडवलेलं एक रसायन. कागदावर दोन्ही रस्ते फार सुंदर दिसतात.

*

मी हा विषय घेतला तेव्हा आमच्या कॅम्प-वनच्या घरी तुमसरचे मामा आले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे या पेशी विचार करत नाई?"

"नाही मामा."

"मंग विचार करनाऱ्या सोडून तू यायच्या मांगं कावून लागली?"

मी काही बोलायच्या आत बाबांनी ताट बाजूला सरकवलं. बाबांची सगळी नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटात, मेंटेनन्सला गेली होती. ते म्हणाले, "भाऊ, पेपरात फोटो भट्टीचा येते. आमचा कोनी काढला का कधी? पन मेंटेनन्सवाले दोन रोज घरी बसले न, त भट्टी बोंबलत बसते. पोरगी बराबर जागी गेली हाय."

माझ्या विषयाची इतकी चांगली प्रस्तावना मलाही कधी लिहिता आली नाही. पुढे मी ती सेमिनारमध्ये सांगायचे, लोक टाळ्या वाजवायचे.

त्याच वर्षी बाबा विसरायला लागले.

*

पहिल्यांदा कळलं ते असं. बाबा सकाळी दूध आणायला गेले ते परत आलेच नाहीत. रिटायर झाल्यावर आम्ही प्लांटच्या वसाहतीतलं, सेक्टरमधलं क्वार्टर सोडून कॅम्प-वनला आलो होतो, त्याला बराच काळ झाला होता. बाबा चालत चालत थेट जुन्या क्वार्टरला पोचले आणि व्हरांड्यात चपला काढून बसले. तिथे आता एक तेलुगू कुटुंब राहतं. त्या बाईंनी बिचाऱ्यांनी चहा दिला. बाबांनी चहा घेतला, पेपर मागितला, तोही वाचला. मग आंघोळीला पाणी तापलं का विचारलं. तेव्हा त्या बाईंनी बाबांच्या खिशातला मोबाइल घेऊन मला फोन केला.

मी धावत गेले. बाबा माझ्यावरच तडकले. "तुह्या मायनं घरात किरायेदार ठेवले, अन् मले सांगतलं बी नाई!"

आम्ही आठवडाभर या वाक्यावर हसत होतो. मग असं रोजच व्हायला लागलं आणि हसणं बंद झालं. घरात दिवसभर एकच ओरडा असायचा, "अहो, आत्ताच तर सांगतलं न तुमाले!" आई ओरडायची, मीही ओरडायचे. बाबा भिंतीकडे बघत बसायचे. डॉक्टर म्हणाले, वय आहे, वाढत जाईल.

मी लॅबमध्ये रविवारीही जायला लागले. उंदरावरून माणसापर्यंत पोचायला किती काळ जातो हे मला पाठ होतं, लोकांना मीच समजावून सांगत असे. पण माणूस मूर्ख असतो. मला वाटायचं, आपल्या बाबतीत लवकर होईल.

*

आता तो कुरियरवाला.

आमचा विषाणू बाहेरून मागवला होता. तो फार नाजूक, कोरड्या बर्फात ठेवून पाठवतात. कोरडा बर्फ वितळत नाही, पाणी होत नाही, हवेत उडून जातो. महिना मे. रायपूरपर्यंत पार्सल वेळेवर आलं, तिथून भिलाईत नेहरू नगरच्या कुरियर ऑफिसात आलं आणि पुढे सरकेना. मी रोज फोन करायचे, तिकडून रोज उत्तर, "जांच चल रही है मैडम."

कसली जांच? शेवटी मी आणि हर्षल स्वतः गेलो. ऑफिसात एक अतिशय सज्जन गृहस्थ बसले होते. त्यांच्या ऑफिसातून आधी कधीतरी कोणाच्या पार्सलमधला माल चोरीला गेला होता म्हणे, तेव्हापासून त्यांनी नियम कडक केले होते. पार्सल निघालं तेव्हाचं वजन आणि पोचलं तेव्हाचं वजन जुळलं नाही तर डिलिव्हरी नाही, चौकशी. आमचं पार्सल रोज वजन करून बघत होते आणि ते रोज हलकं होत होतं.

"मैडम, मैं खुद हैरान हूँ," ते हात जोडून म्हणाले. "डिब्बा सील है, कमरे में ताला है, चाबी मेरे पास है. फिर भी कोई रोज़ थोड़ा-थोड़ा निकाल रहा है."

त्यांनी डब्यासाठी खोलीत वेगळा माणूस बसवला होता. आम्ही डबा उघडला तेव्हा बर्फाचा पत्ता नव्हता आणि विषाणू कोमट झाला होता. त्या गृहस्थांचे डोळे खरंच भरून आले. त्यांनी आम्हाला लेखी दिलं की चोर सापडताच कळवू.

दुसरा विषाणू यायला पावसाळा संपला. त्या काळात बाबा धाकट्या काकांना ओळखेनासे झाले.

*

औषधाच्या रस्त्याचं थोडक्यात सांगते, कारण तो रस्ताच थोडक्यात संपला.

ते खास रसायन कडू. उंदीर ते मिसळलेल्या पाण्याला तोंड लावेनात, म्हणून आम्ही त्यात साखर घातली. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यांच्या रांगेवर मुंग्यांची रांग. पिंजऱ्यांखाली पाण्याच्या ताटल्या ठेवल्या, तर मुंग्या नळीवरून आल्या. नळीला तेल लावलं, तर छतावरून आल्या. हर्षल हताश होऊन म्हणाला, "ताई, इतनी मेहनत चूहों की याददाश्त के लिए, और रास्ता याद है मुंग्यांना."

मुंग्यांचा बंदोबस्त केला, उंदीर पाणी प्यायले आणि ढाराढूर झोपले. कुलूप बसवलेले झोपले आणि न बसवलेलेही झोपले. ज्यांच्यात कुलूपच नाही त्यांच्यात किल्ली काय करते आहे? शोधल्यावर कळलं की हे रसायन पोटात गेल्यावर थोडंसं बदलतं आणि मानसिक आजारावरचं एक जुनं औषध तयार होतं, जे कुणालाही लागू पडतं. आमचे गाइड पुराणिक सर रायपूरच्या जुन्या मराठी घरातले, बोलायला मोजकं आणि तिखट. ते म्हणाले, "एका खोलीची किल्ली बनवायला घेतली आणि आख्ख्या कॉलनीची दारं उघडून बसलो आपण. छोड़ो, आता फक्त उजेड."

*

उजेडाच्या कामात एक अडचण होती. काचेची तार उंदराच्या डोक्यावर दाताच्या सिमेंटनं चिकटवतात. लेसर लावला की सिमेंटमधून निळा उजेड बाहेर झिरपायचा आणि उंदराचं डोकं गणपतीतल्या माळेसारखं चमकायचं. त्या उजेडानं उंदीर स्वतःच बावचळायचे. उपाय साधा, वरून काळं नेलपॉलिश फासायचं. जगभर लोक असलंच काही करतात.

मी कॅम्प-वनच्या बाजारात गेले. कटलरीच्या दुकानात एक ठेंगणी, हसरी बाई बसते, मला लहानपणापासून ओळखते.

"काळी नेलपॉलिश आहे तेवढी सगळी द्या."

"सगळी? इतनी किसके लिए?"

मला घाई होती. खरं तेच सांगून टाकलं, "उंदरांसाठी. चूहों के लिए."

तिनं बाटल्या मोजता मोजता माझ्याकडे फार प्रेमानं बघितलं. "हाँ दीदी. शादी नहीं हुई तो आदमी कुछ तो पालेगा ही."

संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीभर झाली आणि आईनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. उंदरांची डोकी मात्र काळी कुळकुळीत झाली. आत उजेड चालू आहे की बंद, बाहेरून कोणाला कळायची सोय राहिली नाही.

*

आता हर्षलबद्दल सांगायला हवं. नेहरू नगरचा मुलगा, घरी आई-वडिलांशी मराठी, बाकी जगाशी हिंदी, लॅबमध्ये दोन्हींची खिचडी. कॉम्प्युटरवर बसला की जादूगार. फक्त उंदरांना घाबरायचा. जाड हातमोजे दोन-दोन चढवायचा, लांबून शेपटी धरायचा, डोळे मिटून उचलायचा आणि खोक्यात टाकायचा. उंदीर चावायचाच. हर्षल किंचाळायचा, उंदीरही किंचाळायचा, आणि दोघं सारखेच थरथरत असायचे.

मला भीती कधी वाटली नाही. उंदराला ओंजळीत घ्यायचं, अंगाशी धरायचं, अंगठ्यानं कानामागे हळूहळू चोळायचं. त्याचं काळीज तळहातावर धडधडत असतं, ते हळू होईपर्यंत सोडायचं नाही. मी त्यांच्याशी बोलायचेही. काय बोलायचे ते विचारू नका, बहुतेक घरच्या तक्रारी असायच्या.

लेसर चालवायचं शिक्षण माझं झालं होतं, म्हणून सरांनी कामाची सरळ वाटणी केली. उजेड द्यायचे उंदीर प्रणालीचे, म्हणजे माझे, उजेड न द्यायचे, म्हणजे तुलनेसाठीचे, हर्षलचे. त्या वेळी ही वाटणी कोणालाच खटकली नाही. शिक्षण माझं होतं, तेव्हा लेसर माझा, यात खटकण्यासारखं काय होतं?

परीक्षा सोपी होती. खोक्यात दोन वस्तू ठेवायच्या, उंदराला हुंगू द्यायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांतली एक बदलायची. ज्याला कालचं आठवतं तो नव्या वस्तूकडे जातो, ज्याला आठवत नाही त्याला दोन्ही सारख्याच.

उजेडवाले म्हातारे उंदीर नव्या वस्तूकडे गेले. एक गेला, दुसरा गेला, सगळे गेले. बिनउजेडाचे कोपऱ्यात बसून राहिले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. सरांनी आलेख तीनदा पाहिला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चहा मी सांगतो." इतक्या वर्षांत सरांनी चहा सांगितल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

मी त्या दिवशी घरी जाऊन बाबांना सांगितलं. सांगायला नको होतं, पण राहवलं नाही. बाबांचा तो दिवस बरा होता, सगळं समजत होतं. त्यांनी विचारलं, "मानसाले कधी देनार?"

"लय टाइम आहे बाबा. पहिले अजून लय तपासनं आहे."

"असू दे न. लायनीत नाव लावून ठेव माहं."

आई आत पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला.

*

भिलाईत विश्वकर्मा पूजा म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. प्लांटात त्या दिवशी क्रेनला हार, लेथला हार, पान्यांना कुंकू. गावातल्या पंक्चरच्या दुकानातही पंपाला फूल वाहिलेलं असतं. यंत्र आपलं पोट भरतं, वर्षातून एक दिवस त्याला हात जोडायचे, हे इथल्या माणसाच्या हाडात आहे. आमच्या उंदरांची देखभाल करणारे चैतरामभाऊ तर पूर्वी प्लांटातच ठेक्यावर कामाला होते. त्यांनी दरवर्षीप्रमाणे फ्रीज, सूक्ष्मदर्शक, वजनकाटा, सगळ्यांना गंध लावलं, नारळ फोडला, आम्हाला प्रसाद दिला. लेसर त्यांच्या लेखी सगळ्यांत मोठा देव. त्याचं काम आत्ताच फळलं होतं ना! म्हणून त्याला नुसतं वरून गंध लावून त्यांचं समाधान झालं नाही. ज्या भोकातून उजेड निघतो तेच देवाचं मुख, असं समजून त्यांनी तिथेच चंदनाचा चांगला जाड टिळा लावला. वरचं झाकण परत नीट बसवून ठेवलं.

मी दुसऱ्या दिवशी झाकण काढलं, तार जोडली आणि कामाला लागले. तारेच्या टोकाला किती उजेड येतो ते रोज मोजायचं असतं. पण मोजायचं मीटर तेव्हा दुरुस्तीला गेलं होतं, आणि उंदरांची डोकी तर काळ्या नेलपॉलिशखाली. लेसरचा दिवा लागत होता, पंखा फिरत होता. मी रोज उंदरांना ओंजळीत घेत होते, शांत करत होते, तार जोडत होते, 'उजेड' देत होते.

त्या तुकडीचा निकाल आजवरचा सर्वांत चांगला आला. एकूणएक उंदराला आठवलं.

मग मीटर दुरुस्त होऊन आलं. हर्षलनं सवयीनं तार मीटरला लावली. आकडा आला शून्य. मीटर ठोकून पाहिलं, तरी शून्य. त्यानं तार काढली, लेसरच्या तोंडात कापसाचा बोळा फिरवला आणि बाहेर काढून माझ्यासमोर धरला. कापसावर वाळलेलं चंदन होतं. वासही येत होता.

"ताई," तो म्हणाला, "पूजेपासून एकाही उंदराला लाइट गेलेली नाही."

उजेड बंद होता आणि उंदरांना आठवत होतं. मग आधीच्या सगळ्या उंदरांना जे आठवलं, ते तरी उजेडानं कशावरून?

*

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "अदलाबदल करा. उजेडवाले हर्षलला, बिनउजेडाचे प्रणालीला."

आम्ही अदलाबदल केली. हर्षलच्या उंदरांना लेसरचा भरपूर, मोजून दिलेला उजेड मिळाला, आणि त्यांना काही म्हणजे काही आठवलं नाही. माझ्या उंदरांना उजेडाचा कणही मिळाला नाही, आणि ते तुरुतुरु नव्या वस्तूकडे गेले. इतकी वर्षं आम्ही उजेड आणि अंधाराची तुलना करत नव्हतो, हर्षलच्या आणि माझ्या हातांची करत होतो. घाबरलेल्या उंदराला आठवत नाही, आणि ज्याची भीती गेली त्याला आठवतं. एवढं कळायला लेसर, विषाणू आणि माझ्या वयाची ऐन वर्षं लागली.

पेपर छापायला पाठवायची तयारी झाली होती, सरांनी तो काढून घेतला. दुसरा कोणी असता तर ते चंदन पुसून पुढे गेला असता. सर तसे नाहीत, आणि तसे असते तर बरं, असंही मला एक-दोन दिवस वाटलं. मी त्यांना विचारलं, "सर, हे सुद्धा काहीतरी निघालंच ना? हाताचं?"

सरांनी खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं, "निघालं. पण ते सगळ्या जगाला माहीत आहे, प्रणाली. त्याला पीएचडी देत नाहीत."

फेलोशिप संपत आली होती, वाढवून मागायला हातात काही नव्हतं. चैतरामभाऊ दोन दिवस माझ्यासमोर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी दाराशी उभे राहून त्यांनी विचारलं, "मैडम, मोर पूजा ले खराब होगे का?"

मी म्हटलं, "नहीं भाऊ. पहले से खराब था, आपकी पूजा से दिख गया." त्यांना ते पटलं नाही. ते अजून स्वतःलाच दोष देतात.

मला राग कोणाचाच आला नाही. राग यायला अंगात थोडी आशा लागते. मी पिंजरे धुवायचे, डब्यांवर लेबलं लावायचे, घरी यायचे. बसमध्ये सेक्टरांच्या ओळी मागे जाताना बघायचे आणि वाटायचं, बाबांना सांगायला नको, ते तसेही विसरतील.

*

पण बाबा विसरेनात. बाकी सगळं विसरत होते, हे मात्र रोज विचारत होते, "लायनीत नंबर कुठवर आला?" शेवटी एका संध्याकाळी मी सांगायचं ठरवलं. आईनं डोळ्यांनी नको-नको केलं. मी त्यांच्यासमोर पाटावर बसले.

"बाबा, ते खोटं निघालं. उजेडानं काईच होत नोतं."

बाबा वरणात पोळी कुस्करत होते. "मंग उंदरायले याद कशी येत होती?"

"मी हातात घेत होती न त्यायले. घाबरलेले राहत होते, हातात धरलं का भेव जात होतं. भेव गेलं का याद येत होती. बस, एवढंच होतं."

बाबांनी मान हलवली. थोडा वेळ जेवले. मग आईकडे बघून दुसऱ्यांदा विचारलं, "आज वरनात मीठ कावून नाई?" मीठ होतं. आई म्हणाली, "आत्ताच तर सांगतलं न," आणि मी उठून हात धुतले. निदान त्यांच्या डोक्यातून तरी हे गेलं, असं समजून मी थोडी निश्चिंत झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेटवरून फोन आला, तुमचे वडील आलेत. मी धावतच खाली गेले. कॅम्प-वनवरून एकट्यानं ऑटोनं आले होते. शर्टाची बटणं एक घर चुकून लागली होती, पायात एक चप्पल त्यांची आणि एक आईची. गेल्या कित्येक महिन्यांत ते गल्लीच्या टोकापलीकडे एकटे पोचले नव्हते. गेटवरच्या माणसाला त्यांनी माझं पूर्ण नाव आणि लॅबचं नाव बरोबर सांगितलं होतं.

मी त्यांना वर आणलं. चैतरामभाऊंनी पाणी दिलं. बाबा पाणी प्यायले, त्यांनी पिंजऱ्यांच्या रांगेकडे पाहिलं, लेसरकडे पाहिलं, आणि स्टुलावर बसून डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. न्हाव्यापुढे बसतात तशी मान खाली घातली.

हर्षलचा चेहरा पडला. त्याला वाटलं, बाबा उजेड घ्यायला आले. तो जवळ जाऊन हळूच म्हणाला, "काका, ती लाइट आता बंद केली आम्ही. उससे कुछ होता नहीं."

"मालूम हाय मले," बाबा म्हणाले. "पनूनं काल सांगतलं."

मी त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसले. "मंग कावून आले बाबा तुमी? लाइटनं काई होत नाई म्हनून सांगतलं न मी."

बाबांनी आधी हर्षलकडे पाहिलं, मग चैतरामभाऊंकडे. त्यांना लोकांसमोर बोलायची लाज वाटत होती. मान तशीच खाली ठेवून ते अगदी हळू आवाजात म्हणाले,

"तू त्या उंदरायले धरत होती न, तसं मले बी धर थोडा वेळ."